मानाच्या खाटेपासून बावीस पावलं

तुर्दुबेक साद्यकोविच आसानोव यांनी चौपन्न वर्षांच्या आयुष्यात कोणालाही पाडलं नव्हतं. शाळेत कुस्ती सक्तीची होती तेव्हासुद्धा नाही. तिथे ते स्वतःच पडत आणि प्रकरण लवकर मिटे. असं असताना आक-सोगोतच्या जिल्हा रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर, आगीच्या लाल बादलीशेजारी एका सोमवारी पाटी लागली : ‘रुग्णांच्या पडण्यास जबाबदार – तु. सा. आसानोव’.

तसं बघायला गेलं तर त्या रुग्णालयात प्रत्येक गोष्टीला एक जबाबदार माणूस आहे आणि त्याची पाटी आहे. आगीला कोठीवाला सिदिक जबाबदार. जिन्याखालच्या बंद खोलीला, जिची किल्ली हरवून अकरा वर्षं झाली, कोणी बोरोनबाएव जबाबदार. हे गृहस्थ वारूनही सात वर्षं झाली, पण जबाबदारी काही सुटली नाही. मात्र बादलीखालचं नाव वाचून सिदिकला कोणी आगलाव्या म्हणत नाही. तुर्दुबेकांची पाटी लोक थांबून वाचत आणि मग वळून त्यांच्याकडे बघत. एका आजीबाईंनी तर त्यांना समोरून येताना पाहिलं आणि आधीच भिंत धरली.

तुर्दुबेक हे आकडेवारी विभागाचे प्रमुख. विभागात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे शिस्त उत्तम होती. किती दाखल, किती घरी, किती टायफॉइड, किती कुत्रा चावून : सगळं निळ्या शाईत, रेघा आखून. रुग्णांशी त्यांचा संबंध फक्त कागदावर येई आणि दोन्ही पक्ष त्यात सुखी होते. पण वरून एक परिपत्रक आलं. प्रत्येक रुग्णालयाने ‘पडणे’ म्हणजे काय याची व्याख्या लिहून ठेवावी, पडलेले मोजावेत आणि पडणं थांबवावं. चार आठवड्यांनी तपासणी.

“मोजणं तुमचंच काम, तुर्दुबेक साद्यकोविच,” मोठ्या डॉक्टर चोल्पोन एसेनोव्ना म्हणाल्या.

“मोजतो ना. पण थांबवायचं कसं?”

“जो मोजतो त्यालाच कळतं थांबलंय का नाही ते. या आता.”

व्याख्येसाठी समिती बसली. तुर्दुबेक, मुख्य परिचारिका बुरुल, सर्जन आणि सिदिक. चहा आला, कणकेचे तळलेले बोर्सोक आले, जर्दाळूचा मुरंबा आला, आणि पहिल्या तासाभरात मुरंब्यात साखर जास्त झाली आहे यावर एकमत झालं. मग तुर्दुबेकांनी चष्मा लावून वाचलं, “पडणे म्हणजे रुग्णाने जमिनीवर येणे.”

“मग जेवायला खाली बसतात ते?” बुरुल म्हणाली. “माझ्या वॉर्डात निम्मे लोक खाटेवर जेवतच नाहीत. सतरंजी पसरून बसतात. रोज तीन वेळा वीस जण पडले असं लिहू का, दादा?”

तुर्दुबेकांनी ‘इच्छा नसताना’ असं घातलं.

“गालिचा असला तर?” सिदिकने विचारलं. त्याला कोठीतल्या गालिच्यांची काळजी. “गालिच्यावर आला म्हणजे जमिनीवर आला नाही. माझ्या हिशेबी तो गालिच्यावर आहे.”

“अरे, पण गालिचा कशावर आहे?”

“तो वेगळा विषय झाला.”

तेव्हा ‘जमिनीवर’ काढून ‘खालच्या पातळीवर’ घातलं. आता झालं असं वाटतंय तोच सर्जन, जो इतका वेळ नुसते बोर्सोक संपवत होता, म्हणाला, “परवा मी एकाला दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर हलवला. जाम जायला तयार नव्हता. इच्छा नसताना, खालच्या पातळीवर. धरायचं का?”

चौथ्या दिवशी व्याख्या सही-शिक्क्यानिशी तयार झाली. ती पावणेदोन पानांची होती आणि तीत घोड्यावरून पडून दाखल झालेल्यांसाठी स्वतंत्र परिच्छेद होता, कारण त्यांचं पडणं रुग्णालयाच्या खाती येऊ नये अशी मोठ्या बाईंची सक्त ताकीद होती.

मग मोजणी सुरू झाली आणि तुर्दुबेकांना मुकाश आजोबा भेटले.

मुकाश आजोबा शहाऐंशीचे. छातीत पाणी झालं म्हणून चार नंबरच्या वॉर्डात आलेले. एक्केचाळीस वर्षं खिंडीच्या रस्त्यावर लॉरी चालवलेला माणूस. जिल्ह्यातल्या निम्म्या घरांचा कोळसा आणि दोन-तीन नवऱ्यामुली त्यांनीच पोचवलेल्या. त्यांच्यासमोर आवाज चढवून बोलणारा आक-सोगोतमध्ये अजून जन्माला यायचा होता. आणि हे आजोबा आठवड्यात दोनदा पडले. पहिल्या वेळी कोपर सोलवटलं, दुसऱ्या वेळी कंबर काळीनिळी झाली.

सर्जनने तुर्दुबेकांना जिन्यात गाठलं. या वेळी त्याच्या हातात बोर्सोक नव्हता. “हे बघा, हाडं पार ठिसूळ झालीत. तिसऱ्यांदा पडले तर खुबा जाणार. आणि त्यांचं हृदय असं आहे की मी त्यांना टेबलावर घेऊ शकणार नाही. मग ते पडून राहतील आणि वसंतापर्यंत संपतील. अजून अडीच आठवडे औषधं आहेत. तेवढे दिवस त्यांना उभे ठेवा, म्हणजे घरी चालत जातील.”

आतापर्यंत तुर्दुबेकांच्या आकड्यांना पाय नव्हते.

त्यांनी जंग जंग पछाडलं. खाटेला कठडे बसवले. आजोबा त्यावर तंगडी टाकून पलीकडे उतरले आणि म्हणाले, “मी काय कोकरू आहे, कोंडून ठेवायला?” उशाशी घंटी ठेवली. तीन दिवसांत ती एकदाही वाजली नाही. “नातीच्या वयाच्या पोरीला घंटी वाजवून सांगू, की मला कुठे जायचंय?” घरी बायको साइराने सुचवलं की फरशी पुसून कोरडी ठेवा. पण तपासणी यायची म्हणून सिदिकने नेमकी त्याच आठवड्यात फरशीला पॉलिश करून घेतली होती, इतकी की माणसाला आपल्या तोंडाकडे बघत चालता येई. मेव्हण्याचं मत पडलं की आजोबांना पट्ट्याने बांधावं. हा मेव्हणा घोड्यांचा व्यापारी. शेजारीणबाईंनी तर निदानच केलं, “खाटेला नजर लागलीय. आर्चाच्या झुडपाची धुरी द्या.”

आणि तुर्दुबेकांनी, जे विज्ञानाचे पदवीधर होते, बुरुलला धुरी द्यायला सांगितलं. आता हसू नका. माणसाच्या नावाची पाटी लागली की तो काय वाटेल ते करतो. आर्चाच्या हिरव्या फांद्यांचा असा काही धूर झाला की आगीला जबाबदार असलेला सिदिक पाटीला जागला आणि लाल बादली घेऊन धावत आला. त्याने ओतलेल्या पाण्यावरून एकच माणूस आपटला, ते म्हणजे तुर्दुबेक. पण ते रुग्ण नसल्यामुळे व्याख्येत बसत नव्हते. एवढ्या अपमानात तेवढंच समाधान.

शेवटी त्यांनी पावलं मोजली. चार नंबरचा वॉर्ड लांबच लांब, सात खाटांचा. दार एका टोकाला, मुकाश आजोबांची खाट दुसऱ्या टोकाला खिडकीशी. खाटेपासून दार चौदा पावलं, दारापासून व्हरांड्याच्या मध्यावरलं शौचकूप आठ पावलं. एकूण बावीस. आणि दाराला अगदी लागून झोपला होता एल्दियार पैलवान. वय अठ्ठावीस, वजन एकशेदहा किलो, हर्नियाचं ऑपरेशन. त्याला आठ पावलं.

“ही काय तऱ्हा? शहाऐंशी वर्षांच्या माणसाला टोकाची खाट कोणी दिली?” तुर्दुबेक बुरुलवर उखडले.

“मी तर आजोबांना दाराजवळचीच दिली होती, दादा. मी खाटेचा नंबर देते, पण जागा लोक ठरवतात. आजोबा आत आले मात्र, सगळे आपली गाठोडी उचलून एकेक खाट खाली सरकले. तोर रिकामा झाला. आता तोरावर दुसऱ्या कोणाला बसवू?”

दारापासून सगळ्यांत लांबची जागा म्हणजे तोर, ती वडीलधाऱ्याची. तुर्दुबेकही स्वतःच्या घरी पाहुणे आले की तेच तर करत होते सगळा जन्म. म्हणजे सगळ्यांत म्हाताऱ्याला शौचकूप सगळ्यांत लांब आणि पैलवानाला सगळ्यांत जवळ, अशी व्यवस्था खुद्द मानमरातबानेच लावून दिली होती.

सरळ माणूस सरळच बोलतो. तुर्दुबेक गेले आणि म्हणाले, “आजोबा, तुम्ही दाराजवळच्या खाटेवर आलात तर बरं पडेल.”

मुकाश आजोबांनी फक्त पांढरी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. बोलला तो पैलवान. “काय म्हणालात? आजोबांना दाराशी? जिथे लोक बूट काढतात तिथे? आणि मी तोरावर लोळू? माझा बाप मला घरात घेईल का?”

संध्याकाळी आजोबांचे सहा पुतणे टोप्या घालून मोठ्या बाईंना भेटून गेले. दुसऱ्या दिवशी साइरा बाजारातून रिकाम्या पिशवीने आली आणि धाडकन बसली. “पाववाली विचारत होती, मुकाश आजोबांना दाराशी बसवणारे ते तुझेच ना गं? मी पाव न घेताच आले. अहो, तुम्ही आकडे लिहीत होतात तेच बरं होतं!”

तो दिवस तुर्दुबेकांनी कुरुत चघळत खोलीत काढला. ते खारट दह्याचे गोळे दातांखाली फोडताना माणसाला विचार चांगला करता येतो. आणि संध्याकाळी त्यांना दिसलं : वॉर्डाच्या नकाशात खिडकीकडच्या टोकालाही एक दार होतं! व्हरांड्यात उघडणारं, कधीकाळी बुजवलेलं. ते उघडलं तर आजोबांच्या खाटेपासून एक पाऊल दार, आठ पावलं शौचकूप. माणसाला हलवायचंच नाही. दार हलवायचं!

मोठ्या बाईंनी सही दिली. आगीला जबाबदार म्हणून सिदिकची परवानगी लागली. ती सिदिकने कोठीवाल्या सिदिककडून रीतसर अर्ज घेऊन दिली. दोन दिवस ठोकाठोक चालली, रुग्णांच्या चहात चुना पडला. पण दोन दारं उघडी म्हणजे वारा आरपार जाणार, आणि आरपार वाऱ्याने माणूस हमखास मरतो हे सर्जनपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे जुनं दार विटा लावून बुजवून टाकलं. तुर्दुबेक रात्री घरी गेले ते शीळ घालत. साइरानेही खिमा भरून वाफवलेल्या मंती वाढताना दोन जास्त वाढल्या.

सकाळी ते नव्या दाराने आत शिरले. दाराशी एल्दियार पैलवान झोपला होता.

“आजोबा कुठायत?”

पैलवानाने अभिमानाने वॉर्डाच्या पार त्या टोकाला, बुजवलेल्या दाराकडे बोट दाखवलं. “तोरावर! दार इकडे आलं ना, मग तोर तिकडे गेला. आम्ही सकाळीच सगळं उचलून नेलं. आजोबांना बोटही लावू दिलं नाही.”

तुर्दुबेकांनी पावलं मोजली. चौदा आणि आठ, बावीस. एक पाऊलही कमी झालं नव्हतं. ते तिथेच खुर्चीवर बसले. इच्छा नसताना, खालच्या पातळीवर.

तपासणीला दहा दिवस उरले होते आणि तेवढेच आजोबांच्या घरी जाण्याला. तुर्दुबेक आपल्या खोलीत परतले, दार लावून घेतलं आणि मोजणीची वही नुसती समोर धरून बसले. जागेच्या रकान्यावर त्यांनी आठवडाभर डोकं फोडलं होतं. शेजारी वेळेचा रकाना होता. तो त्यांनीच आखला होता, त्यांनीच भरला होता, आणि त्यांनीच वाचला नव्हता. पहिल्या वेळी दोन वाजून दहा मिनिटं. दुसऱ्या वेळी दोन वाजून वीस. भर दुपारी, विश्रांतीच्या तासांत! सकाळ-संध्याकाळ नातलग असत, रात्री पुतण्या खाटेशी झोपे. दोन ते चार मात्र बाहेरच्यांना मज्जाव आणि सगळ्यांनी डोळे मिटून पडायचं असा नियम.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला आकडेवारी विभागाचे प्रमुख रुग्णाचे कपडे चढवून चार नंबरातल्या एका रिकाम्या खाटेवर नाकापर्यंत पांघरूण ओढून पडले. कोणी पाहिलं असतं तर काय अब्रू राहिली असती, पण ते आता सुटलेच होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी मुकाश आजोबा उठून बसले. त्यांनी एकेक खाट न्याहाळली. सगळे शांत. मग त्यांनी सपाता पायांत घालायच्या त्या हातात घेतल्या आणि लोकरी मोज्यांनिशी, त्या आरशासारख्या फरशीवर, खाटांचे गज धरत धरत निघाले. तिसऱ्या खाटेशी पाय सरकला. तुर्दुबेकांनी कसे कोण जाणे, पण उडी मारून त्यांना दंडाला धरलं.

“शू!” आजोबाच दटावून म्हणाले. “हळू! पोरं उठतील.”

“आजोबा, सपाता हातात कशाला?”

“वाजतात.” आजोबा कुजबुजले. “मी उठलो की ही सगळी लेकरं ताडकन उभी राहतात. म्हातारा उठला, मग आपण कसं पडायचं! पहिल्या दिवशी तो पैलवान उठला आणि त्याचा टाका सुटला, रक्त आलं. मी लघवीला चाललो म्हणून पोरांनी पोटं फाडून घ्यायची का? झोपू दे त्यांना. मी जातो हळूच.”

तुर्दुबेकांनी मान वळवली. पाचही जण झोपलेले होते, पण असं कोणी झोपत नाही. सगळे काठीसारखे ताठ, श्वास रोखून. एल्दियार पैलवानाचा एक डोळा किलकिला होता आणि त्यातून पाणी येत होतं. आजोबांना संकोच नको म्हणून रोज दुपारी ही पाच माणसं झोपल्याचं सोंग करायची, आणि आपण उठलो तर त्यांचा बेत फसेल म्हणून जीव मुठीत धरून पडून राहायची. सगळे एकमेकांना इतकं जपत होते की त्यात एक माणूस मरायची वेळ आली होती.

‘माझा हात धरा’ असं म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना टोपी झटकणं आठवलं. एकदा तोंड पोळलं होतं.

“आजोबा, मलाही तिकडेच जायचंय हो. पण मला अलीकडे चक्कर येते. एकट्याने चालायची भीती वाटते. जरा हात द्याल?”

आजोबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “वय काय तुझं?”

“चौपन्न.”

“अरेरे.” आजोबांचा चेहरा मऊ झाला. “ये. दंडाला धर माझ्या. घट्ट! ओझं टाक माझ्यावर, लाजू नकोस.”

“आणि सपाता घाला, आजोबा. तुम्ही घसरलात तर मी गेलोच.”

हे मात्र आजोबांना पटलं. दुसऱ्याचा जीव आपल्या हाती आहे म्हटल्यावर एक्केचाळीस वर्षांचा ड्रायव्हर जागा झाला. ते सपाता घालून पाऊल जोखून टाकू लागले. चट् चट् आवाज अख्ख्या वॉर्डभर झाला. कोणीही जागं झालं नाही.

त्यानंतर रोज दुपारी दोनला तुर्दुबेक अशक्तासारखे चेहरा करून चार नंबरात जात आणि मुकाश आजोबा त्यांना घेऊन जात. व्हरांड्यात भेटेल त्याला आजोबा सांगत, “आसानोवचा पोरगा. बिचारा फार खचलाय.” पाचव्या दिवशी पाववालीने साइराला पिशवीत कढत पाव घालून दिला, वर म्हणाली, “त्यांना दूध-बीध द्या गं. आम्हाला काय माहीत, आम्ही उगाच बोललो.” साइरा नवऱ्याला काय ते विचारत राहिली. ते म्हणाले, “कामाचं आहे.”

दहाव्या दिवशी तपासणीच्या बाई आल्या. मुकाश आजोबा घरी निघायला तयार, कोट-टोपी चढवून तोराशी ताठ उभे. तुर्दुबेकांच्या काखेत आठ पानी अहवाल होता. त्यात रकाने होते, नकाशा होता, दुपारच्या विश्रांतीवर एक लहानसं पण विचारप्रवर्तक प्रकरण होतं. सगळ्या नोकरीत आपलं लिखाण कोणी उभं राहून ऐकावं असा हा पहिलाच दिवस होता.

“या वॉर्डात दहा दिवसांत एकही पडलं नाही?” बाईंनी विचारलं. “काय उपाय केलात?”

तुर्दुबेकांनी घसा खाकरला. पण वडील माणूस आधी बोलतो.

“मी सांगतो, पोरी.” मुकाश आजोबा म्हणाले. “हा बघ. याला चक्कर येते. दुपारचा धडपडत यायचा. मी रोज नेत होतो, आणत होतो. दहा दिवसांत एकदाही पडू दिला नाही!”

तपासणीच्या बाईंनी पेन वर केलं. चोल्पोन एसेनोव्नांची भुवई केसांपर्यंत गेली. पाचही खाटांवरचे लोक तुर्दुबेकांकडे बघू लागले आणि पैलवानाने तर हातच जोडले. आठ पानं तुर्दुबेकांच्या काखेत गरम झाली होती. एका वाक्याचा प्रश्न होता. खरं सांगितलं असतं तर अहवाल वाचला गेला असता, आणि शहाऐंशी वर्षांचा माणूस घरी जाताना हे घेऊन गेला असता, की आपल्यालाच धरून नेत होते.

“हो,” तुर्दुबेक म्हणाले. “आजोबा होते म्हणून मी आज उभा आहे.”

बाईंनी लिहून घेतलं. पुढे लेखी शेरा आला तो असा : उपाय समाधानकारक; मात्र जबाबदार कर्मचारी स्वतःच पडण्याच्या धोक्यात, त्याची तपासणी करावी व काठी पुरवावी. सिदिकने काठी कोठीतून सही घेऊन दिली.

मुकाश आजोबा त्या दिवशी बाहेरच्या अकरा पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरले. सर्जन खिडकीतून बघत होता, आणि शेवटच्या पायरीवर त्याने नकळत टाळी वाजवली. पुतण्यांनी गाडीचं दार उघडलं. आजोबा आत बसता बसता वळले आणि वरच्या खिडकीकडे बघून ओरडले, “दुपारी एकटा जाऊ नकोस रे! मी पैलवानाला सांगून ठेवलंय!”

त्याच दिवशी बरोबर दोन वाजता आकडेवारी विभागाचं दार वाजलं. दारात एकशेदहा किलोचा एल्दियार उभा होता, एक हात टाक्यांवर, दुसरा पुढे केलेला.

“चला, दादा.”

“अरे, तुला तर सगळं ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. पण मी आजोबांना शब्द दिलाय.”

तुर्दुबेकांना कुठेही जायचं नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, उठले आणि पैलवानाच्या दंडाला धरलं. घट्ट.